थंडीत जुना ट्रॅक्टर चालू होईना: हीटर, थर्मोस्टार्ट आणि बॅटरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली, कारखान्यांची धुराडी पेटली आणि उसाच्या ट्रॉल्या पहाटे रस्त्याला लागल्या की हे प्रश्न यायला सुरुवात होते. माण-खटावमधून येतात, वाई-जावळीच्या बाजूने येतात, विटा-आटपाडीकडून येतात. तासगावचे द्राक्षबागायतदार तर पहाटेच्या फवारणीसाठी ब्लोअर जोडून उभे असतात आणि ट्रॅक्टर मात्र उठत नाही. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे साध्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने घेतले आहेत. जुना ट्रॅक्टर म्हणजे ज्याचा डिझेल पंप मेकॅनिकल आहे तो. सेन्सर आणि कॉम्प्युटर असलेल्या नव्या ट्रॅक्टरसाठी प्रश्न १८ पाहा.

१. डिझेल इंजिनच थंडीत का अडतं? मोटारसायकल तर दोन किकमध्ये चालू होते.

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की तीच प्रचंड तापते. जुन्या ट्रॅक्टरांत हवा साधारण सोळा-अठरा पटींनी दाबली जाते आणि सुस्थितीतल्या इंजिनात तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. त्या हवेत नोझलने फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं.

पहाटे तीन गोष्टी एकदम आडव्या येतात. आत येणारी हवाच गार असते, लायनर-पिस्टनचं गार लोखंड दाबलेल्या हवेची उष्णता ओढून घेतं, आणि बॅटरी मंदावल्यामुळे सेल्फ सावकाश फिरतो. सेल्फ सावकाश फिरला की दाबलेली हवा रिंगांमधून निसटायला जास्त वेळ मिळतो. तिन्हींमध्ये ही तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त नडते, आणि नेमकं तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

२. आपल्याकडे काय हिमाचलसारखी थंडी पडते का? मग हीटर लागतोच कशाला?

रास्त प्रश्न आहे. सातारा-सांगलीच्या पठारावर कडाक्याच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात एखाद्या पहाटे गवतावरचं दवही गोठतं, पण तो अपवाद.

१० अंशांना निरोगी डायरेक्ट इंजेक्शन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन हीटरशिवाय चालू व्हायला हवं. ते होत नसेल तर थंडीने तुमच्या इंजिनातलं जुनं दुखणं उघडं केलं आहे असं समजा. बॅटरी, अर्थिंग, डिझेलमधला एअर किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी कमी पडतंय. हीटर बदलून ते झाकलं जाईल, बरं होणार नाही. म्हणून हीटरवर खर्च करण्याआधी प्रश्न ५, ६ आणि ११ वाचा.

याला खरा अपवाद आहे प्री-चेंबर असलेल्या जुन्या इंजिनांचा. त्यांत डिझेल आधी हेडमधल्या छोट्या पोकळीत पेटतं. त्या पोकळीचं लोखंड उष्णता फार शोषतं, त्यामुळे अशा इंजिनाला १५-२० अंशांनाही हीटर प्लग लागतोच.

३. माझ्या ट्रॅक्टरला नक्की कोणती सोय आहे, हे कसं ओळखू?

बॉनेट उघडा आणि इनटेक मॅनिफोल्ड शोधा. एअर क्लीनरकडून आलेला रबरी होज ज्या बिडाच्या नळकांड्याला जोडलेला असतो, तो मॅनिफोल्ड.

त्यावर बोल्टसारखा एकच भाग घट्ट बसवलेला असेल, त्याला एक बारीक डिझेलची नळी आणि एक वायर असेल, तर तो थर्मोस्टार्ट, म्हणजे आत जाणारी हवा डिझेलच्या ज्योतीने तापवणारा हीटर. पर्किन्स घराण्यातल्या तीन सिलिंडर इंजिनांवर, म्हणजे मॅसी फर्ग्युसन १०३५ च्या जातीच्या ट्रॅक्टरांवर, आणि फोर्ड ३६०० वर हीच रचना भेटते. वायर आहे पण डिझेलची नळी नाही, तर आत नुसती तापणारी कॉइल आहे.

हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरजवळ एकेक प्लग आणि त्यांना जोडणारी पट्टी किंवा वायर दिसली, तर ते हीटर प्लग. इंटरनॅशनल बी-२७५ ची मूळ रचना या प्रकारातली.

यांपैकी काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. बऱ्याच डायरेक्ट इंजेक्शन ट्रॅक्टरांना आपल्या हवामानासाठी काही दिलेलंच नसतं. काही इनलाइन पंपांना थंडीत जादा डिझेल सोडणारं बटण असतं. ते चालू करण्याआधी दाबायचं, इंजिन उठलं की आपोआप सुटतं. एका सिलिंडरच्या जुन्या इंजिनांना डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा ठेवून दाब सोडणारा, लिव्हर असतो. आधी इंजिन मोकळं फिरवून वेग घ्यायचा आणि मग लिव्हर सोडायचा.

४. चावी हीटरवर किती वेळ धरायची? आमच्याकडं प्रत्येकजण वेगळं सांगतो.

प्रत्येकाचा ट्रॅक्टर वेगळा असतो, म्हणून उत्तरही वेगळं येतं.

थर्मोस्टार्ट असेल तर चावी हीटरच्या खुणेवर १५ ते २० सेकंद धरा आणि तिथून थेट सेल्फवर न्या. सेल्फ मारतानाही हीटर चालू राहिला पाहिजे, कारण सेल्फने ओढलेल्या हवेबरोबरच ज्योत आत जाते. १०-१५ सेकंदांत इंजिन उचललं नाही तर थांबा, मिनिटभर जाऊ द्या, पुन्हा १० सेकंद हीटर द्या आणि परत मारा.

हीटर प्लग पेन्सिलसारखे, १२ व्होल्टचे असतील तर १० ते २० सेकंद पुरतात. खूप जुने, उघड्या जाड कॉइलचे प्लग असतील तर ३०-४० सेकंद लागतात. अशा ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर छोटी जाळीमागची कॉइल असते. ती लाल झाली की वेळ झाली.

रेसचा लिव्हर पुढे, स्टॉपची नॉब पूर्ण आत, क्लच दाबलेला. क्लच दाबल्याने गिअरबॉक्समधलं गार, घट्ट तेल सेल्फला ढवळावं लागत नाही. थंडीत हा फरक चांगलाच जाणवतो. आणि स्टॉपची केबल गंजून अर्धी बाहेर अडकली आहे का तेही बघा. सगळं नीट असून ट्रॅक्टर उठत नाही अशा तक्रारींमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

५. सेल्फ ‘घर्र… घर्र…’ करत मंद फिरतो. बॅटरी बदलू का?

आधी मोजा, मग बदला. मल्टिमीटर आता तालुक्याच्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि जुना ट्रॅक्टर ठेवणाऱ्याकडे तो असायलाच हवा.

रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचं माप पहाटे, चावी लावण्याआधी घ्या. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी, आणि अर्ध्या बॅटरीवर थंडीत डिझेल इंजिन उठवणं अवघडच. मग दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि त्या वेळी आकडा बघा. सेल्फ फिरत असताना तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकलेली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. आधी चार्ज करून पुन्हा मोजा. भरलेली बॅटरीही तशीच कोसळत असेल तर ती गेली.

बॅटरीची झाकणं उघडणारी असतील तर हायड्रोमीटरने प्रत्येक खान्याची घनता बघा. भरलेल्या बॅटरीत ती १.२५० च्या आसपास किंवा वर असते. पाच खाने सारखे आणि एक फार खाली असेल तर त्या एका खान्यामुळे अख्खी बॅटरी बाद होते. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने प्लेटा लवकर मरतात.

बॅटरी चांगली असूनही रोज उतरते का? मग डायनामो किंवा अल्टरनेटर चार्ज करत नाही. इंजिन मध्यम रेसवर असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. ऊसवाहतुकीत रात्रभर लाइट, ट्रॉलीचे दिवे आणि टेप चालू असतो. जुन्या डायनामोला एवढा भार पेलत नाही आणि पहाटे त्याची किंमत सेल्फ चुकवतो.

सेल्फ सलग १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान एक मिनिट जाऊ द्या. सेल्फची वाइंडिंग जळते ती बहुतेक वेळा अशाच सकाळी, घाईत.

६. बॅटरी नवी कोरी आहे, तरी सेल्फ तसाच मंद. आता?

आता अर्थिंग. हे इतकं साधं आहे की पटत नाही, पण जुन्या ट्रॅक्टरवर सगळ्यात जास्त वेळा दुखणं इथेच सापडतं.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून चेसिसला जाणारी वेणीची पट्टी बघा. तिचा बोल्ट रंगावर किंवा गंजावर कसलेला असतो. करंट बॅटरीतून निघतो खरा, पण परत यायला त्याला वाट अरुंद मिळते. तपासायला मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी सेल्फच्या बॉडीला लावा आणि सेल्फ मारा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा नट असंही मोजा. तिथे जास्त आकडा आला तर जाड केबल, तिची टोकं किंवा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) यांपैकी काहीतरी गेलंय.

पट्टी काढा, दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, बसवून घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. बॅटरीच्या खांबांवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. हे करताना आधी निगेटिव्ह काढायचं आणि शेवटी निगेटिव्हच जोडायचं.

हीटरलाही हीच वाट लागते. अर्थिंग सुधारल्यावर बंद पडलेला हीटर अचानक चालू झाला, असं बऱ्याचजणांनी कळवलं आहे. त्यात आश्चर्य काही नाही, कारण हीटरचा करंटसुद्धा बॉडीतूनच परततो.

७. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. कुठून सुरुवात करू?

सायलेन्सरकडे बघा.

धूरच नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. स्टॉप केबल, टाकीचा कॉक, फिल्टर आणि एअर तपासा (प्रश्न ११). हीटरला हात लावायची गरज नाही.

पांढरा, डोळ्यांत झोंबणारा, डिझेलच्या वासाचा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. म्हणजे आत उष्णता कमी. इथे हीटर आणि सेल्फचा वेग तपासायचा. दोन्ही ठीक असतील तर प्रश्न १५ वर जा.

काळा धूर येतोय, तर हवा कमी पडते. एअर क्लीनर पाचटाने आणि धुळीने बुजलाय का, तेलाच्या क्लीनरमध्ये खुणेच्या वर तेल भरलंय का, तेवढं बघा.

८. थर्मोस्टार्ट काम करतोय की नाही, हे घरी कसं तपासू?

आधी तो काय करतो ते समजून घ्या. आत एक कॉइल असते. ती तापली की तिच्याजवळची धातूची नळी प्रसरण पावते, आतली गोळी सुटते, डिझेलचे थेंब खाली येतात, तापून वाफ होतात आणि कॉइलच्या टोकाशी पेटतात. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागतात, वीज आणि डिझेल. एक असून दुसरी नसेल तर काही होत नाही.

विजेपासून सुरू करा. थर्मोस्टार्टच्या टोकाची वायर काढा, टेस्टर लॅम्प तिच्यात आणि बॉडीत लावा, चावी हीटरवर न्या. दिवा लागला नाही तर दोष स्विच किंवा वायरचा. आपल्याकडच्या अनेक ट्रॅक्टरांचा मूळ स्विच कधीच गेलेला असतो आणि तिथे साधं पुश बटण बसवलेलं असतं. त्या बटणाला हीटरची जागाच नसते. वायर मात्र मॅनिफोल्डवर लटकत असते आणि मालक दहा वर्षं हीटर आहे असं धरून चालतो. यावर उपाय म्हणजे वेगळं स्प्रिंगचं बटण आणि रिले बसवून जाड वायरने पुरवठा देणं. हीटर दहा-बारा अँपिअर ओढतो, लाइटच्या बारीक वायरवर जोडलात तर वायर वितळेल. मध्ये फ्यूज ठेवा.

मग कॉइल. मल्टिमीटरने टोक आणि बॉडी यांच्यामध्ये रेझिस्टन्स बघा. एखाद्या ओहमच्या आसपास आलं तर कॉइल जिवंत, काहीच वाचन नाही तर तुटलेली. खात्री करायची असेल तर डिझेलची नळी काढून, तिचं तोंड बंद करून थर्मोस्टार्ट बाहेर घ्या. डिझेलचा थेंब नसलेल्या जागी, पकडीत धरून बॉडी निगेटिव्हला आणि टोक पॉझिटिव्हला जोडा. काही सेकंदांत कॉइल लाल झाली पाहिजे.

शेवटी डिझेल. थर्मोस्टार्टकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल करा. डिझेल आपोआप, वजनाने ठिबकलं पाहिजे. ठिबकत नसेल तर त्याची छोटी टाकी रिकामी आहे, तिचं हवेचं छिद्र बुजलंय किंवा नळीत काजळी आहे. काही ट्रॅक्टरांवर ही टाकी नोझलच्या रिटर्नमधून भरते. रिटर्नची नळी फुटली म्हणून कुणीतरी ती थेट मोठ्या टाकीकडे वळवलेली असते आणि तेव्हापासून थर्मोस्टार्ट कोरडा पडलेला असतो.

सगळं जागेवर बसवल्यावर एक साधी खूण बघा. हीटर देऊन सेल्फ मारल्यावर मॅनिफोल्डला बाहेरून हात लावा. थर्मोस्टार्टजवळ तो कोमट लागला पाहिजे.

९. थर्मोस्टार्ट बसवल्यापासून सकाळी आधी भरपूर पांढरा धूर येतो आणि इंजिन खडखडतं. असं का?

बहुधा आतली गोळी नीट बसत नाही आणि करंट नसतानाही डिझेल मॅनिफोल्डमध्ये ठिबकत राहतं. रात्रभरात साचलेलं हे डिझेल सकाळी एकदम ओढलं जातं. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. साचलेलं डिझेल जास्त असेल तर ते सिलिंडरमध्ये अडून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

थर्मोस्टार्टची नळी काढा, तिचं तोंड बंद करा आणि दोन दिवस तसंच चालवा. त्रास थांबला तर दोष पक्का झाला. हा भाग उघडून दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. कायमचा काढून टाकायचा असेल तर मॅनिफोल्डच्या भोकात बोल्ट आणि तांब्याचा वायसर घट्ट बसवा. ते भोक उघडं राहिलं तर न गाळलेली धूळ थेट लायनरमध्ये जाते आणि रिंगा एका हंगामात खाते.

१०. हीटर प्लग तपासताना बॅटरीवरून थेट करंट दिला तर चालतो का?

आधी जोडणी बघा, कारण उत्तर त्यावरच आहे.

प्रत्येक प्लगला एकच टोक असेल आणि सगळे एका पट्टीने जोडलेले असतील, तर ती समांतर जोडणी. असे प्लग १०.५ ते १२ व्होल्टचे असतात. पट्टी काढा, बॅटरीच्या पॉझिटिव्हला टेस्टर लॅम्प लावून त्याचं टोक एकेका प्लगला टेकवा. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत आहे. पट्टी न काढता तपासलं तर एका चांगल्या प्लगमुळे सगळेच चांगले वाटतात. मल्टिमीटरवर चांगला प्लग अर्धा ते दोन ओहम दाखवतो. या जोडणीत एक प्लग गेला तरी बाकीचे चालतात. इंजिन उठतं, पण एका सिलिंडरवर काही वेळ अडखळतं.

प्रत्येक प्लगला दोन टोकं असतील आणि करंट एकातून दुसऱ्यात असा साखळीने जात असेल, तर ती मालिका जोडणी. हे प्लग एक-दीड व्होल्टवर चालणारे असतात. त्यांना १२ व्होल्ट थेट दिले तर ते डोळ्यांदेखत जळतात. हे तपासायचे ते फक्त मल्टिमीटरने. इथे एक जळाला की सगळे बंद, आणि डॅशबोर्डवरची कॉइलही लाल होत नाही. एखादा आतून बॉडीला टेकला तर उलट ती कॉइल झटकन भडक लाल होते आणि उरलेले प्लग जास्त व्होल्टेजने मरतात.

बदलताना नव्या प्लगचा व्होल्टेज आणि आटे जुन्याशी जुळवून घ्या. समांतर जोडणीत एक गेला आणि बाकीचेही तेवढ्याच वयाचे असतील तर सगळे बदललेले बरे. प्लग काढताना इंजिन थोडं कोमट असू द्या. अडकलेला प्लग जोर करून फिरवला तर हेडमध्ये तुटतो, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

११. रात्री चांगला बंद केलेला ट्रॅक्टर सकाळी एअर घेतल्यासारखा करतो. एकदा एअर काढला की दिवसभर ठीक.

रात्रभरात डिझेल पंपाकडून टाकीकडे परत उतरतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. थंडीत हे हीटरचं दुखणं समजलं जातं, कारण दोन्हींचा त्रास सकाळीच होतो.

ओळखायची युक्ती सोपी आहे. उद्या सकाळी सेल्फ मारण्याआधी फिडर पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) हँड प्रायमर, म्हणजे हाताने मारायचा दांडा, कडक लागेपर्यंत मारा. त्यानंतर इंजिन लगेच उठलं तर कारण एअर आहे, हीटर सोडून द्या.

हवा शिरते ती टाकी ते फिडर पंप या भागात. तिथे डिझेल बाहेर गळताना दिसेलच असं नाही, कारण ती ओढणारी बाजू आहे. काचेच्या वाटीचं रबर, फिल्टरचं रबर, बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर, तडकलेली रबरी नळी आणि फिडर पंपाचा डायाफ्राम बघा. सापडत नसेल तर थोडा वेळ पारदर्शक नळी बसवा, बुडबुडे दिसतील. वायसर पुन्हा वापरू नका, नवे टाका.

एअर काढण्याचा क्रम: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, आणि शेवटी सेल्फ मारत नोझलच्या पाइपचे नट. नोझलकडून सुटणारी धार बोटाने थांबवू नका. ती कातडीतून आत घुसते आणि तशी इजा झाली तर तासाभरातही उशीर होतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

१२. आपल्याकडं डिझेल गोठतं का? थोडं रॉकेल मिसळलं तर?

पठारावर नाही. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळी डिझेलचा ओतण बिंदू (ज्याखाली डिझेल वाहत नाही ते तापमान) जास्तीत जास्त ३ अंश आणि फिल्टर तुंबण्याचा बिंदू जास्तीत जास्त ६ अंश असावा लागतो. उन्हाळी डिझेलला हेच आकडे १५ आणि १८ आहेत. इथे एक मेख आहे. मे महिन्यात भरून ठेवलेला बॅरल डिसेंबरात वापरलात तर ते उन्हाळी डिझेल आहे, आणि गार पहाटे त्यातलं मेण फिल्टरवर बसू शकतं. बॅरलचं डिझेल थंडीआधी संपवा.

रॉकेल मिसळू नका. पंपातल्या बारीक भागांना वंगण डिझेलचंच असतं, रॉकेल ते पातळ करतं. शिवाय रेशनचं निळं रॉकेल इंधनात मिसळणं हा गुन्हा आहे.

आपल्याकडे गोठण्यापेक्षा पाण्याचा त्रास खरा. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री आतून दव धरतं. संध्याकाळी टाकी भरून ठेवा आणि आठवड्याला फिल्टरखालची वाटी सोडून पाणी काढा.

१३. एअर क्लीनरपाशी पेटता काकडा धरला किंवा स्टार्टिंग स्प्रे मारला की लगेच चालू होतो. मग काय हरकत आहे?

हरकत मोठी आहे, आणि ती इथे स्पष्टच लिहितो.

स्प्रेमध्ये ईथर असतं. ते डिझेलपेक्षा फार लवकर, पिस्टन वर पोचायच्या आधीच पेटतं. त्या धक्क्याने रिंगा तुटतात, पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा फुटतात. ज्या ट्रॅक्टरला थर्मोस्टार्ट किंवा हीटर प्लग आहे त्यात तर स्प्रे कधीच मारायचा नाही. आत लाल कॉइल आणि वरून ईथर, म्हणजे मॅनिफोल्डमध्येच स्फोट. एअर क्लीनर तोंडावर उडू शकतो. पेट्रोलचा बोळा हेच काम करतो, फक्त आग बाहेरही लागते.

काकड्याने हवा तापते हे खरं. पण आपल्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांचा एअर क्लीनर तेलाचा आहे. ते तेल आणि रबरी होज पेटले तर कडबा, पाचट आणि गोठा शेजारीच असतो. शिवाय जळक्या चिंधीचे तुकडे थेट लायनरमध्ये जातात. ऑइल चेंबरखाली शेकोटी करण्याबद्दलही हेच सांगणं आहे.

आणि ज्याला रोज स्प्रे लागतो, त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन आधीच गेलेलं असतं. स्प्रे उरलेलं घालवतो.

त्याऐवजी गरम पाण्यात बुडवलेलं पोतं पिळून मॅनिफोल्डवर पाच-दहा मिनिटं गुंडाळा. सेल्फ, अल्टरनेटर आणि वायरिंगवर पाणी जाऊ देऊ नका. बॅटरी काढून रात्री घरात ठेवली तरी चांगला फरक पडतो. रेडिएटरमध्ये उकळतं पाणी ओतायचं नाही, गार बिडाच्या हेडला तडा जातो. कोमट चालेल.

१४. उताराला लावून किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करू का? आणि कारखान्याच्या यार्डात ट्रकवरून जंप दिला तर?

ओढून चालू केलेलं इंजिन उठतं, म्हणून दुखणं महिनोन्महिने तसंच राहतं. अगदीच वेळ आली तर ट्रॉली सोडा, वरचा गिअर टाका, रस्ता मोकळा आणि सपाट असू द्या, दोरीऐवजी ओढणीचा दांडा वापरा. भरलेली ट्रॉली मागे असताना घाटात किंवा उतारावर कधीच नाही.

जंप देण्याआधी ट्रकचं व्होल्टेज बघा. अनेक ट्रक २४ व्होल्टचे असतात. त्यावरून जोडलं तर हीटर, दिवे आणि चार्जिंग एका क्षणात जळतं. १२ व्होल्टच्या गाडीवरून जोडताना पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, आणि निगेटिव्हची दुसरी बाजू बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला.

१५. बॅटरी, अर्थिंग, एअर, हीटर सगळं तपासलं. पांढरा धूर आणि तेवढंच.

मग उष्णता तयारच होत नाही. आधी टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या आर्ममधली) बघा, कारण त्याला फक्त फीलर गेज आणि अर्धा तास लागतो. टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. पर्किन्स तीन सिलिंडरला थंड इंजिनावर ०.३० मिलिमीटर, म्हणजे १२ थाउ (इंचाचा हजारावा भाग). इतर इंजिनांचा आकडा वेगळा असतो.

नंतर नोझल बाहेर काढून टेस्टरवर लावा. धुक्यासारखा फवारा यायला हवा, धार किंवा थेंब नको. कराड, विटा, मिरज, सांगली इथल्या पंप-नोझलच्या कारखान्यांत हे काम होतं.

शेवटी कॉम्प्रेशन गेज. सेल्फवर साधारण ३५० ते ४५० पीएसआय यायला हवं, आणि सिलिंडरांमधला फरक जास्त नसावा. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुसफुस, ऑइलचा खप आणि सकाळचा त्रास हे तिन्ही एकत्र असतील तर रिंगा-लायनरचं काम आलंय. ते हंगामाच्या मध्ये न काढता पावसाळ्यात उरका.

१६. थंडीत इंजिन ऑइल बदलावं का?

एकाच ग्रेडचं ४० नंबर ऑइल वापरत असाल तर होय. १५ डब्ल्यू ४० गार असताना त्यापेक्षा पातळ राहतं, सेल्फचा वेग लगेच वाढलेला दिसतो आणि गरम झाल्यावर जाडी तेवढीच राहते.

१७. सकाळी चालू होतो, एक-दोन मिनिटं चालतो आणि बंद पडतो.

हीटरने त्याचं काम केलं, पुढे डिझेल कमी पडतंय. टाकीच्या झाकणाचं छिद्र बुजलेलं असेल तर आत पोकळी होऊन डिझेल येणं थांबतं. झाकण सैल करून चालवून बघा. तसं नसेल तर फिल्टर किंवा टाकीतली जाळी. बॅरलचं जुनं डिझेल असेल तर प्रश्न १२ पाहा.

१८. यातलं नव्या, कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) ट्रॅक्टरला किती लागू होतं?

प्रश्न ५ आणि ६ पूर्णपणे. प्रश्न १२ ते १४ मधले इशारेही. बाकी जवळजवळ काही नाही. विशेषतः प्रश्न ११ मधलं नोझलचे पाइप सैल करणं तिथे कधीही करू नका. त्यांतला दाब जुन्या पंपांच्या कैक पट असतो आणि ती धार जीव घेऊ शकते.

१९. माझं उलटं आहे. पहाटेच्या गारठ्यात एका सेल्फला उठतो, पण दुपारी गरम झाल्यावर बंद केला की तासभर उठत नाही.

हा हीटरचा विषय नाही, पण दर थंडीत विचारला जातो. गोल, डीपीए जातीचा (एकाच फिरत्या रोटरने सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटणारा) पंप असेल तर त्याचा रोटर आणि हेड झिजलेलं असण्याची शक्यता जास्त. गार डिझेल दाट असतं, म्हणून झिजलेल्या फटीतूनही पुरेसा दाब तयार होतो. गरम डिझेल पातळ होऊन त्याच फटीतून निसटतं आणि सेल्फच्या वेगाला नोझल उघडतच नाही.

खात्रीसाठी इंजिन बंद करून पंप आपोआप गार होऊ द्या. तासाने लगेच उठलं तर निदान जवळजवळ पक्कं. लवकर गार व्हावा म्हणून तापलेल्या पंपावर गार पाणी ओतू नका, आणि चालू इंजिनावर तर धुतानाही पाण्याची धार त्यावर मारू नका. बाहेरचं आवरण आकसलं की आतला रोटर जाम होतो आणि त्याचा शाफ्ट तुटतो. पंप टेस्ट बेंचवर लावून सेल्फच्या वेगाला किती डिझेल देतो ते मोजून घ्या. तो आकडा हातात आल्याशिवाय पंप बदलण्याचा खर्च मान्य करू नका.